अंगणातील पाण्याचे खेळणे निवडताना : आधी हिशेब पाण्याचा, मग आकाराचा

बेंगळुरू : उन्हाळ्याच्या सुटीत येणारा मुलांचा वाढदिवस आता केक आणि फुग्यांवर भागत नाही. हवेने फुगवायची घसरगुंडी, पाण्याचा टब, फवारे उडवणारी चटई किंवा पाण्याने ओला केलेला उड्या मारण्याचा किल्ला भाड्याने आणण्याची पद्धत मोठ्या शहरांत रुळली आहे. बेंगळुरूमध्ये मात्र या हौशीला दुसरी बाजू आहे. मार्च २०२४ मध्ये याच शहरात पिण्यायोग्य पाणी करमणुकीसाठी वापरण्यास मनाई करण्यात आली आणि नियम मोडणाऱ्यास पाच हजार रुपये दंड ठरला. त्यामुळे येथील पालकांना खेळण्याचा रंग आणि उंची पाहण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. पाणी किती आणि कोणते लागणार, जागा तो भार पेलणार का, वाऱ्यात खेळणे जागेवर राहणार का आणि मुलांवर नजर कोण ठेवणार, हे ते प्रश्न होत.

मनाई नेमकी कशाला होती?

२०२३ च्या पावसाळ्यात कर्नाटकात पावसाने ओढ दिली. राज्यातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. शहरातील सुमारे १३,९०० सरकारी कूपनलिकांपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचे उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी मार्च २०२४ मध्ये सांगितले. शहराची दैनंदिन गरज सुमारे २६० कोटी लिटर असून दररोज ५० कोटी लिटरची तूट असल्याची माहिती मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी त्याच महिन्यात दिली.

या पार्श्वभूमीवर बेंगळुरू पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने वाहने धुणे, बागकाम, बांधकाम, कारंजी आणि करमणूक यांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घातली. पहिल्या वेळी पाच हजार रुपये, आणि पुन्हा तीच चूक केल्यास पाच हजारांशिवाय प्रतिदिन पाचशे रुपये असा दंड ठरला. त्यानंतर काही दिवसांतच पोहण्याच्या तलावांनाही हीच बंदी लागू झाली. त्याच महिन्यात अवघ्या तीन दिवसांत २२ कुटुंबांकडून १ लाख १० हजार रुपये वसूल करण्यात आले. २५ मार्चच्या होळीपूर्वी मंडळाने तलावातील मेजवान्या आणि ‘रेन डान्स’ यांसाठी कावेरीचे अथवा कूपनलिकेचे पाणी वापरू नये, असेही बजावले.

१६ ऑक्टोबर २०२४ रोजी कावेरी पाणीपुरवठा योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले. त्यातून शहरात समाविष्ट झालेल्या ११० गावांसाठी दररोज ७७.५ कोटी लिटर पाण्याची सोय झाली. तोवर कावेरीतून शहराला दररोज सुमारे १४५ कोटी लिटर पाणी मिळत होते. तरीही उन्हाळा तोंडावर येताच फेब्रुवारी २०२५ मध्ये मंडळाने तीच मनाई आणि तोच दंड पुन्हा जाहीर केला. म्हणजे ही बंदी एका दुष्काळापुरती उरलेली नाही. समारंभाचा दिवस ठरवताना मंडळाची त्या हंगामातील सूचना पाहणे हे पहिले काम ठरते. मनाई लागू असेल तर नळाच्या पाण्याने टब भरण्याचा विचार तेथेच थांबवावा लागतो.

महाराष्ट्रातील वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. पाणी मर्यादित असताना खेळासाठी किती वापरावे, हा प्रश्न तेव्हा क्रीडांगणाला विचारला गेला. आता तो घराच्या अंगणापर्यंत आला आहे.

एका टबात किती पाणी?

विक्रेता खेळण्याची लांबी, रुंदी, उंची सांगतो. ते किती लिटर पाणी घेणार, हे तो क्वचितच सांगतो. हा हिशेब घरी करता येतो. गोल टबासाठी व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने गुणावे आणि आलेल्या संख्येला ७८५ ने गुणावे. उत्तर लिटरमध्ये येते. चौकोनी टबासाठी लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार करून त्याला एक हजाराने गुणावे.

या रीतीने दीड मीटर व्यासाच्या लहान टबात २५ सेंटिमीटर पाणी भरले तर सुमारे ४४० लिटर लागतात. व्यास २.४ मीटर आणि पाणी अर्धा मीटर झाले की हा आकडा २,२६० लिटरवर जातो. तीन मीटर व्यासाच्या टबात ६० सेंटिमीटर पाणी भरायचे तर ४,२४० लिटर हवेत. व्यास दुप्पट झाला, पण पाणी जवळजवळ दसपट वाढले. कारण क्षेत्रफळ चौपट होते आणि मोठा टब खोलही असतो. घसरगुंडीच्या पायथ्याशी अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल कुंड असेल, तर ते १,५०० लिटर पाणी घेते.

हे आकडे घरगुती वापराच्या तुलनेत पाहिले की अर्थ स्पष्ट होतो. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण देशात मानले जाते. चार जणांच्या कुटुंबाला त्या हिशेबाने दिवसाला ५४० लिटर लागतात. लहान टब म्हणजे या कुटुंबाचे एका दिवसाहून थोडे कमी पाणी. मधला टब म्हणजे चार दिवसांचे आणि मोठा टब म्हणजे जवळपास आठ दिवसांचे पाणी. खेळ मात्र तीन तासांचा असतो.

फवारे उडवणाऱ्या चटईचा हिशेब वेगळा आहे. ती पाणी साठवत नाही, वाहून घालवते. तिचा खर्च मोजण्याची रीत सोपी आहे. नळाला जोडायची तीच रबरी नळी २० लिटरच्या बादलीत सोडावी आणि बादली भरायला लागणारा वेळ पाहावा. दोन मिनिटे लागली तर मिनिटाला दहा लिटर. तासभर अखंड चालवल्यास ६०० लिटर, म्हणजे लहान टबापेक्षाही अधिक पाणी जाते. तीच चटई अधूनमधून पाच-पाच मिनिटे, अशी तीन वेळा चालवली तर १५० लिटरांत खेळ होतो. फवाऱ्याची चटई कमी पाणी घेते हा समज म्हणूनच अर्धा खरा आहे. नळ कोण आणि किती वेळा बंद करतो, यावर तो अवलंबून आहे.

हे पाणी मिळवण्यासाठी शहर काय खर्च करते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. कावेरीचे पाणी शहरात येऊ लागले ते १९७४ पासून. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवर वसले आहे आणि नदी शहरापासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर, बऱ्याच खालच्या पातळीवर वाहते. मंड्या जिल्ह्यातील तोरेकाडनहळ्ळी येथून हारोहळ्ळी आणि तातगुणीमार्गे तीन टप्प्यांत पंपांनी सुमारे ५०० मीटर उंच चढवून हे पाणी आणले जाते. टबातून सांडणारा प्रत्येक लिटर हा चढ चढून आलेला असतो.

टँकर, कूपनलिका की प्रक्रिया केलेले पाणी?

नळाचे पाणी वापरता येत नसेल तर टँकर मागवू, असा पर्याय पुढे येतो. मार्च २०२४ मध्ये टंचाईचा गैरफायदा घेतला जात असल्याच्या तक्रारींनंतर प्रशासनाने खासगी टँकरचे दर चार महिन्यांसाठी ठरवून दिले. पाच किलोमीटरपर्यंत सहा हजार लिटरला ६०० रुपये, आठ हजार लिटरला ७०० रुपये आणि बारा हजार लिटरला १,००० रुपये असे ते दर होते. पैशाच्या दृष्टीने हा खर्च समारंभाच्या अंदाजपत्रकात सहज बसतो. अडचण दुसरीच आहे. टँकरचे पाणीही बहुधा कूपनलिकेचेच असते आणि शेजारच्या घरांना टंचाईच्या दिवसांत त्याच टँकरची वाट पाहावी लागते.

त्यातही टँकरचे पाणी कोठून आले आणि त्यात क्लोरीन आहे का, हे घरमालकाला ठाऊक नसते. मुले खेळताना पाणी गिळतात, डोळ्यांत घालतात, नाकात ओढतात. म्हणून खेळण्याच्या पाण्याचा दर्जा आंघोळीच्या पाण्याइतका तरी असावा. मैलापाण्यावर प्रक्रिया करून मिळणारे पाणी बागा, बांधकामे आणि शौचालयांसाठी वापरावे, असे मंडळ सांगते. २०१८ पासून बेंगळुरूचे प्रक्रिया केलेले पाणी कोलार जिल्ह्यातील तलाव भरण्यासाठीही सोडले जाते. मोठ्या गृहसंकुलांत हे पाणी वेगळ्या नळातून मिळते. ते स्वच्छ दिसले तरी मुलांच्या खेळासाठी वापरू नये. त्या नळाला चुकून रबरी नळी जोडली जाणार नाही, याची खबरदारी संकुलातील समारंभात घ्यावी लागते.

पावसाचे साठवलेले पाणी हा तुलनेने चांगला मार्ग आहे. ठरावीक आकाराहून मोठ्या भूखंडांवरील घरांना बेंगळुरूमध्ये पर्जन्यजल संकलन बंधनकारक आहे. पहिल्या सरीचे पाणी बाजूला सोडून गाळलेले, झाकलेल्या टाकीत राहिलेले आणि योग्य प्रमाणात क्लोरीन घातलेले पाणी लहान टबाला पुरते. एप्रिलच्या अखेरीस टाकी रिकामी असेल, तर वाढदिवस जुलैत साजरा करणे किंवा पाण्याविना खेळ ठेवणे हे दोन मार्ग उरतात.

पाणी साठलेला लहान टब दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवू नये. पोहण्याच्या तलावात पाणी गाळून सतत फिरवले जाते आणि क्लोरीनची मात्रा तपासली जाते. लहान टबात यांतले काहीच होत नाही. दहा-बारा मुले त्यात उतरली की तासाभरात माती, घाम आणि लहानग्यांची लघवी त्यात मिसळते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राची शिफारस असे टब दररोज रिकामे करून सुकवण्याची आहे. जुलाब झालेल्या मुलाला पाण्यात उतरवू नये, ही सूचना आमंत्रण देतानाच कळवलेली बरी. खेळ संपल्यावर पाणी रस्त्यावर न सोडता झाडांना, अंगण धुण्याला आणि शौचालयाला वापरले तर त्याचा दुसरा उपयोग होतो. साठून राहिलेले पाणी डासांची पैदास करते, हे डेंगीच्या हंगामात विसरता येत नाही.

गच्चीवर टब ठेवता येतो का?

बेंगळुरूमधील जुन्या वसाहतींत ३० फूट बाय ४० फूट हा भूखंडाचा सर्वपरिचित आकार आहे. घर बांधून उरलेली मोकळी जागा अरुंद असते. त्यामुळे ‘अंगण’ म्हणून अनेकदा गच्चीच वापरली जाते. येथे आकाराचा प्रश्न थेट बांधकामाच्या सुरक्षेशी येऊन भिडतो.

एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलो असते. म्हणून टबात जितके सेंटिमीटर पाणी, त्याच्या दसपट किलो भार गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर पडतो. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ८७५ या मानकाच्या दुसऱ्या भागानुसार, ये-जा असलेल्या सपाट छपरासाठी धरला जाणारा वापराचा भार प्रति चौरस मीटर १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो असतो. १५ सेंटिमीटर पाण्यातच ही मर्यादा गाठली जाते. त्यात उड्या मारणारी मुले आणि कडेला उभी असलेली माणसे धरलेली नाहीत. अर्धा मीटर पाण्याचा टब ठेवला तर भार या मर्यादेच्या तिपटीहून अधिक होतो. गच्चीवरील पाण्याची टाकी पाहून ‘एवढे वजन चालते’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. ती टाकी बहुधा तुळई आणि खांबांच्या आधारावर बसवलेली असते, टब मात्र मधल्या मोकळ्या स्लॅबवर ठेवला जातो.

गच्चीवर वाराही जमिनीपेक्षा जोरदार असतो आणि कठडा ओलांडून पडण्याचा धोका असतो. फुगवलेल्या घसरगुंडीची उंची कठड्याहून अधिक झाली, तर कठड्याचा उपयोगच उरत नाही. त्यामुळे गच्चीवर पाणी साठवणारा टब किंवा घसरगुंडी ठेवू नये. फवाऱ्याची पातळ चटई चालू शकते, पण निचऱ्याचे तोंड मोकळे हवे आणि कठडा पुरेसा उंच हवा. संरचना अभियंत्याने लेखी मान्यता दिली असेल तरच यापेक्षा मोठ्या गोष्टीचा विचार करावा.

जमिनीवरही सपाट जागा पाहावी. उतारावर ठेवलेल्या टबाची एक बाजू पाण्याने जड होऊन फुगलेली भिंत लवते आणि सगळे पाणी एका दिशेला धावते. वर विजेच्या तारा, झाडाच्या फांद्या किंवा सज्जा नसावा. खेळण्याच्या सर्व बाजूंना किमान दोन मीटर मोकळी जागा असावी आणि मुले ज्या बाजूने उतरतात तेथे फरशी नसून माती, हिरवळ किंवा जाड गादी असावी.

वाऱ्याचा धोका किती?

हवेने फुगवलेले मोठे खेळणे आकाराने खोलीएवढे आणि वजनाने मात्र त्या मानाने हलके असते. वारा त्याच्या खाली शिरला की ते शिडासारखे उचलले जाते. ऑस्ट्रेलियात टास्मानियातील डेव्हनपोर्ट येथे १६ डिसेंबर २०२१ रोजी एका प्राथमिक शाळेच्या वर्षअखेरीच्या सोहळ्यात उड्या मारण्याचा किल्ला अचानक उठलेल्या वावटळीने उचलला गेला. सहा मुलांचा मृत्यू झाला. खेळणे पुरवणाऱ्या चालकाला जून २०२५ मध्ये न्यायालयाने दोषमुक्त केले. ती वावटळ आधी ओळखता येण्यासारखी नव्हती, असे त्या निकालात म्हटले होते. दोष कोणाचा, हा प्रश्न न्यायालयात सुटला. पालकांसाठी त्यातून निघणारा बोध असा की, बांधणी आवश्यक आहे, पण ती सर्व धोक्यांवरचा उपाय नव्हे. वारा वाढू लागताच मुलांना बाहेर काढणे हाच शेवटचा खात्रीचा मार्ग आहे.

ही घटना एकमेव नाही. अमेरिकेतील हवामान अभ्यासकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, २००० ते २०२१ या काळात जगभरात वाऱ्यामुळे अशा खेळण्यांच्या १३२ दुर्घटना घडल्या. त्यांत किमान २८ जणांचा मृत्यू झाला आणि किमान ४७९ जण जखमी झाले.

युरोपातील ईएन १४९६० हे मानक या बाबतीत उपयोगी मोजमाप देते. त्यानुसार वाऱ्याचा वेग, झोतांसह, ताशी ३८ किलोमीटरपेक्षा अधिक असेल तर खेळणे वापरू नये. वेगमापक नसला तरी ही पातळी डोळ्यांना ओळखता येते. लहान झाडे बुंध्यापासून डोलू लागली की वारा या मर्यादेच्या आसपास आलेला असतो. त्याच मानकानुसार मोठ्या खेळण्याला बांधणीची किमान सहा टोके हवीत आणि जमिनीत मेखा ठोकता येत नसतील तर प्रत्येक टोकाला किमान १६३ किलो वजन हवे. बेंगळुरूमधील बहुतेक अंगणे फरशीची किंवा सिमेंटची असतात. तेथे मेखा ठोकता येत नाहीत. सहा टोकांचे मिळून वजन जवळपास एक टन होते. पन्नास किलोची वाळूची गोणी धरली तर प्रत्येक टोकाला चार, म्हणजे एकूण २४ गोण्या लागतात. भाड्याने देणारा दोन गोण्या आणि फाटकाला बांधायचा एक दोर घेऊन आला, तर ते खेळणे उभारू न देणेच योग्य.

बेंगळुरूच्या हवामानाचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. एप्रिल आणि मे हे येथील सर्वाधिक उष्ण महिने. एप्रिल २०१६ मध्ये शहरात ३९.२ अंश सेल्सिअस आणि २८ एप्रिल २०२४ रोजी ३८.५ अंश तापमान नोंदले गेले. याच दिवसांत दुपारनंतर ढग दाटून वळवाचा पाऊस, विजा आणि सोसाट्याचा वारा येतो. २ जून २०२४ रोजी एका दिवसात १११.१ मिलिमीटर पाऊस झाला आणि शेकडो झाडे व फांद्या कोसळल्या. त्यामुळे पाण्याचा खेळ सकाळी ठेवून दुपारी एकपूर्वी आटोपणे श्रेयस्कर. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. गडगडाट ऐकू आला की पाऊस सुरू होण्याची वाट न पाहता मुलांना पाण्याबाहेर काढून घरात न्यावे.

वीज आणि पाणी एकत्र कसे सांभाळावे?

मोठ्या घसरगुंड्यांत हवा बंदिस्त नसते. ब्लोअर सतत हवा भरत राहतो आणि शिवणींमधून ती सतत बाहेर पडत राहते. वीज गेली की भिंती ढिल्या पडू लागतात आणि काही मिनिटांत खेळणे आडवे होते. त्या वेळी आत असलेले मूल ओल्या कापडाखाली, तेही पाण्याच्या कुंडात, अडकू शकते. त्यामुळे ब्लोअरजवळ एक प्रौढ व्यक्ती सतत असावी आणि वीज जाताच प्रथम मुलांना बाहेर काढावे. शहरात वीज खंडित होण्याचे वेळापत्रक त्या दिवशी आहे का, हे आदल्या दिवशी पाहून ठेवावे.

ब्लोअर २३० व्होल्टवर चालतो. ज्या जोडणीवर तो लावायचा, तिला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असणे अत्यावश्यक आहे. गळती होताच हे उपकरण क्षणार्धात वीज तोडते. त्यावरील चाचणीचे बटण दाबून ते काम करते का, हे खेळ सुरू होण्याआधी तपासावे. वायरीचे जोड जमिनीवर, पाण्याच्या वाटेत नसावेत. चिकटपट्टीने गुंडाळलेले जोड हे सुरक्षित जोड नव्हेत. ब्लोअर पाण्याचे तुषार पोहोचणार नाहीत इतका दूर, कोरड्या आणि उंच जागी ठेवावा आणि मुलांना त्याच्याजवळ जाता येऊ नये.

उथळ पाण्यात भीती कशाची?

जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२४ मधील अहवालानुसार, २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मृत्युमुखी पडली. त्यांतील जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. तोल जाऊन ते पालथे पडले तर काही सेंटिमीटर पाण्यातूनही त्याला स्वतःहून उठता येत नाही. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही आणि हात हलवून मदतही मागत नाही. गाण्यांच्या आवाजात आणि पाहुण्यांच्या वर्दळीत ते कोणाच्या लक्षातही येत नाही. समारंभात धोका वाढतो, कारण वीस मोठी माणसे हजर असताना प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणी पाहत असेल.

यावरचा उपाय खर्चाचा नाही. पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळ्या लावून एका वेळी एका नावाजोगत्या प्रौढावर केवळ पाण्याकडे पाहण्याची जबाबदारी सोपवावी. त्या काळात त्याने मोबाइल हातात घेऊ नये आणि पाहुण्यांची सरबराईही करू नये. पाच वर्षांखालील मुलाच्या इतक्या जवळ कोणी तरी असावे की हात लांबवला तर त्याला धरता येईल. भाड्याच्या खेळण्यासोबत येणारा कामगार हा या पहाऱ्याला पर्याय नव्हे. लहान आणि मोठ्या मुलांना एकाच वेळी घसरगुंडीवर सोडू नये. दुखापती बहुधा वरून आलेले मोठे मूल खालच्या लहान मुलावर आदळल्याने होतात. खेळ थांबताच, केक कापायला जाण्यापूर्वी, टब रिकामा करावा. मुले आत गेली आणि टब भरलेलाच राहिला, तर तेथे पहारा नसलेले पाणी उरते.

खरेदी करताना काय पाहावे?

टब किंवा चटई विकत घ्यायची असेल तर आयएसआय चिन्ह पाहावे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी १ जानेवारी २०२१ पासून देशात हे चिन्ह बंधनकारक आहे. आयएस ९८७३ या मानकात खेळण्याच्या मजबुतीबरोबरच प्लास्टिक मऊ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या थॅलेट या रसायनांची मर्यादाही ठरवलेली आहे. पीव्हीसीच्या स्वस्त खेळण्यांना येणारा उग्र वास हा निदान सावध होण्याचा इशारा मानावा.

भाड्याने घ्यायचे असेल तर पैसे देण्याआधी काही गोष्टी लेखी मागाव्यात. खेळण्यात किती लिटर पाणी लागते, एका वेळी किती आणि कोणत्या वयाची मुले चालतात, बांधणीची टोके किती, वजने कोण आणणार, ब्लोअरची शेवटची तपासणी कधी झाली आणि वारा किंवा पाऊस आल्यास आगाऊ रक्कम परत मिळणार का, हे प्रश्न त्यांत असावेत. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण महत्त्वाचा आहे. पैसे बुडण्याच्या भीतीनेच अनेकदा वादळी हवेत खेळ चालू ठेवला जातो.

मग निवड कशाची करावी?

पाच वर्षांखालील मुलांसाठी आणि पाण्याची मनाई नसलेल्या हंगामात, जमिनीवर ठेवलेला दीड मीटरपर्यंतचा उथळ टब पुरेसा आहे. पाणी १५ सेंटिमीटरच भरले तर तो सुमारे २६५ लिटरमध्ये होतो. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना साठलेल्या पाण्यापेक्षा फवाऱ्यात पळणे अधिक आवडते. त्यांच्यासाठी अधूनमधून चालवलेली चटई कमी पाण्यात आणि कमी धोक्यात अधिक खेळ देते. मोठी घसरगुंडी ही प्रशस्त, मातीच्या किंवा हिरवळीच्या मोकळ्या जागेत, मेखा ठोकून, सकाळच्या वेळी आणि पाण्याचा वैध स्रोत हाती असेल तरच घ्यावी. ३० बाय ४० च्या भूखंडावरील बहुतेक घरांत या अटी पूर्ण होत नाहीत. अनेक कुटुंबांनी मिळून संकुलाच्या मैदानावर एकच घसरगुंडी आणणे हा त्यातल्या त्यात समंजस मार्ग आहे. पाण्याची मनाई लागू असेल तर घसरगुंडी कोरडीच वापरण्याजोगी आहे का, हे विचारून घ्यावे. पाण्यासाठी बनवलेली घसरगुंडी कोरडी वापरल्यास घर्षणाने त्वचा सोलवटते, म्हणून दोन्ही वापरांसाठी बनवलेलेच खेळणे मागवावे.

बेंगळुरूमध्ये २०२४ च्या उन्हाळ्यात अनेक घरांनी बादलीने पाणी मोजून दिवस काढले. त्या घरांतील मुलांना पाण्याचा खेळ नाकारावा असे कोणी म्हणत नाही. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्याच मुलांना सोबत घेऊन टबाची लांबी-रुंदी मोजली, किती बादल्या लागतील ते काढले आणि खेळ संपल्यावर ते पाणी कोणत्या झाडांना घालायचे हे ठरवले, तर खेळाची तयारी आणि पाण्याची शिकवण एकाच वेळी होते.